आम्ही निवडलेली टीम

मार्च लागला की आमच्या कूरालिनमधली माणसं वेड्यासारखी वागायला लागतात. उन्हाळा संपत आला तरी ऊन रणरणत असतं, माशा नाकातोंडात जातात, मैदानावरचं गवत भाजून तपकिरी झालेलं असतं, पण फुटबॉलचा, म्हणजे आमच्या लांबट चेंडूच्या, हातांनीही खेळायच्या फुटबॉलचा सीझन तोंडावर आलेला असतो. मग गव्हाबद्दल कुणी बोलत नाही, मेंढ्यांबद्दल तर नाहीच नाही. पोस्टात गेलं की तिथली बाई विचारते, यंदा गोलसमोर कोण? दाताच्या डॉक्टरसमोर आ करून बसलं की तोही तेच विचारतो, आणि आपल्याला बोलता येत नाही म्हणून उत्तरही स्वतःच देतो. मला हे दिवस भयंकर आवडतात. अजून एकही मॅच हरलेली नसते ना!

आमचं त्रिकूट ठरलेलं. मी रेलीन, माझी शेजारीण डल्सी आणि क्लॅरी. क्लॅरीने तरुणपणी आमच्या टीमकडून एक सीझन खेळला होता आणि त्याची आठवण त्याने करून दिली नाही असा दिवस जात नाही. डल्सीने गावातल्या प्रत्येक खेळाडूचे केस तो पोरगा असताना कापलेत, त्यामुळे कोण घाबरट आणि कोण धीट हे डोक्याच्या हालचालीवरून कळतं असं तिचं म्हणणं. आणि मला काय कळतं? मला सगळंच कळतं. माझं ऐकलं असतं तर गेल्या वर्षी आम्ही तळाला गेलो नसतो.

सराव असतो गुरुवारी संध्याकाळी. क्लॅरी आपला जुना ट्रक मैदानाच्या कुंपणाला पाठ लावून उभा करतो, मागची फळी खाली पाडतो, आणि आम्ही तिघं तिच्यावर पाय लोंबकळत सोडून बसतो. मधे चहाचा थर्मास.

"अँगसकडे बघा," त्या गुरुवारी डल्सी म्हणाली. "काय सुंदर धावतो! अशा माणसाला मध्यभागी नुसत्या उड्या मारायला ठेवायचं म्हणजे गुन्हा आहे."

"अगं, गावात सगळ्यात उंच तोच," क्लॅरी म्हणाला. "पंचाने चेंडू आपटून उडवला की त्याच्यावर उंच माणूस झेपावणार, का स्पडला पाठवायचं? स्पडला माझ्या कोपराला हात लावायला स्टूल लागतं."

"मग कॅमला लावा उड्या मारायला. दिवसभर मारू दे. गुडघे झिजू देत मेल्याचे."

कॅम गोलसमोर, म्हणजे गोल मारायला पुढे, खेळायचा. त्याने डल्सीच्या नातीशी लग्न ठरवलं आणि मोडलं, तेव्हापासून डल्सीला तो मैदानात कुठेही चालत नव्हता.

"स्पडला गोलसमोर टाका," क्लॅरी म्हणाला. "मोठ्यांच्या पायांत घुसतो, सापडत नाही कुणाला. मी खेळायचो तेव्हा..."

"नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

"ऐकून तर घ्या."

"दरवर्षी ऐकतो," मी म्हणाले. "तो चिखल, तो तुटलेला दात आणि हुकलेला गोल. दात आता आम्हालाही दुखायला लागलाय."

क्लॅरी फुगून बसला, पण फार वेळ नाही. समोर तरुण जाय फुल बॅकच्या जागेवर सराव करत होता, म्हणजे आपल्या गोलाच्या तोंडाशी, समोरच्याचा सगळ्यात धोकादायक गडी अडवायला. जाय हवेत उठला आणि दोघांच्या डोक्यावरून चेंडू काढून घेतला. क्लॅरीने शीळ घातली. मी नाही घातली. ती जागा माझ्या ब्रॉडीची होती.

ब्रॉडी माझ्या बहिणीचा मुलगा. बहीण क्वीन्सलंडला गेली तेव्हा तो इथेच राहिला, माझ्याकडे, फुटबॉलपायी. आता तिशी ओलांडलीय, शाळेची बस चालवतो, त्याच रस्त्यावर वेगळं घर केलंय, पण सोमवारचं जेवण माझ्याकडेच. शाळा सुटल्यापासून तो आमच्या पहिल्या टीमचा फुल बॅक. अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. एवढ्या वर्षांत त्याने पहिल्या टीमसाठी एकही गोल मारला नव्हता. तो राहतो मागे, गोल होतात पुढे, काय करणार? गावात त्याची थट्टा व्हायची. ब्रॉडीने गोल मारला तर पब एक दिवस फुकट, असं पबवाल्याने पाटीवर लिहून ठेवलेलं होतं आणि ती पाटी उन्हाने पांढरी पडली होती.

त्याच आठवड्यात सोमवारी माझ्याकडे मटणाची तंगडी खाता खाता तो म्हणाला होता, "मावशी, नव्या कोचने मला दुसऱ्या टीमला टाकलं तर मी बूट खुंटीला टांगणार."

"उगाच काहीतरी बोलू नकोस."

"खरंच सांगतो. गुडघा कुरकुरतो. आणि फुटबॉल नसेल तर इथे राहून करू काय? आई तिकडे बोलावतेय. तिकडे बसेस आहेत, मला काम मिळेल."

मी आणखी बटाटे वाढले आणि विषय बदलला. नवरा गेल्यापासून माझा शनिवार म्हणजे ब्रॉडी. सोमवार म्हणजेही तोच. तो क्वीन्सलंडला गेला तर मी कुणाच्या नावाने ओरडू? कॅमच्या?

नवा कोच ट्रेंट शाळेत विज्ञान शिकवतो. चांगला पोरगा, पण डोक्यात कल्पना फार. सीझनच्या आधीच्या सामन्यात मी प्रत्येकाला नव्या जागी खेळवून बघणार, असं त्याने सगळ्यांना बजावलं होतं. त्याच्याकडे एक पांढरा फळा होता, त्यावर मैदान आखलेलं, आणि प्रत्येक खेळाडूच्या नावाची चुंबकाची टिकली. हा फळा तो कुणाला दाखवायचा नाही. सराव संपला की दोन्ही हातांनी छातीशी धरून न्यायचा.

त्या गुरुवारी मात्र फळा क्लबच्या हॉलमध्ये उघडा उभा होता.

आम्ही जेवायला आत गेलो तेव्हा हॉलभर तळणाचा वास आणि गोंगाट. काउंटरवरच्या पोरीने बातमी दिली: ट्रेंट शनिवारच्या सामन्याची टीम लावत होता, तेवढ्यात फोन आला, बायकोच्या पोटात दुखायला लागलं, आणि तो तसाच गाडीत बसून मोठ्या गावच्या हॉस्पिटलकडे पळाला.

"देवा, सगळं नीट होऊ दे," डल्सी म्हणाली आणि थेट फळ्याकडे चालायला लागली.

मी काही तिला अडवलं नाही. मी तिच्या पुढे होते.

मी फळ्याला नाक लावून बघितलं. मैदानावर जिकडेतिकडे टिकल्या, फुल बॅकच्या जागी जाय, आणि ब्रॉडीची टिकली खाली डाव्या कोपऱ्यात, चौकटीच्या बाहेर. त्या कोपऱ्यावर लिहिलं होतं 'दुसरी टीम'.

"अरेरे," क्लॅरी म्हणाला.

"अरेरे काय? आंधळा आहे का तो कोच?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "एवढी वर्षं पोराने हाडं मोडून घेतली ह्या गावासाठी! आणि ठेवलाय कुठे, तर कोपऱ्यात? केरासारखा?"

"जाय चांगला आहे गं," क्लॅरी चाचरत म्हणाला.

"असेल! राहू दे त्या जायला तिथे. पण ब्रॉडीला कुठेतरी घ्यायला काय झालं? इथे घे ना!" आणि मी ब्रॉडीची टिकली उचलली आणि थेट पुढे, समोरच्यांच्या गोलाच्या तोंडाशी, फुल फॉरवर्डच्या जागेवर टचकन लावली.

"तिथे कॅम आहे," क्लॅरी म्हणाला.

"कॅमला मी बघते," डल्सी म्हणाली, आणि कॅमची टिकली उचलून मध्यभागी उड्या मारायला नेऊन ठेवली. "आणि अँगस जाईल कडेला. धाव म्हणावं, राजा."

"एवढं करताच आहात तर स्पडला ब्रॉडीच्या शेजारी घ्या," क्लॅरीने हळूच हात पुढे केला. "थांबा. असं नाही. थोडा डावीकडे."

मग काय सांगू, आम्हाला चेवच आला. मी एक हलवली की डल्सी दोन हलवणार, क्लॅरी त्यातली एक परत आणणार. "अगं, तो डावखुरा आहे!" "मग डावीकडेच जाईल ना!" "गाढवा, डावीकडून डाव्या पायाने मारला तर चेंडू टॉयलेटवर जाईल!" ह्यात आमचं जेवण निवलं. हसून हसून डल्सीला उचकी लागली. कुणाची टिकली आधी कुठे होती, हे आता देवालाच ठाऊक.

तेवढ्यात क्लबची लॉटरी, म्हणजे मटणाच्या ट्रेची सोडत, निघाली आणि डल्सीचा आकडा लागला. डल्सीला आयुष्यात कधी काही लागलं नव्हतं. ती किंचाळली, आम्ही तिच्यामागे धावलो, तिने ट्रे डोक्यावर धरून हॉलभर मिरवणूक काढली. परत येऊन बघतो तर फळा गायब.

"ट्रेंट येऊन घेऊन गेला असेल," क्लॅरी म्हणाला.

"तो लावेल परत नीट," डल्सी म्हणाली. "त्याला पाठच असेल."

मला काही ते पटलं नाही, पण मग आम्ही ट्रेमधले चॉप्स वाटून घ्यायला लागलो.

शनिवारी बेल्गरीची टीम आली. बेल्गरी म्हणजे शेजारचं गाव, आणि बेल्गरीबद्दल मी चारचौघांत बोलू नये असं मला क्लबने लेखी कळवलेलं आहे. सामना सरावाचाच, पण सगळं गाव लोटलं होतं. गाड्या मैदानाला नाक लावून गोल उभ्या, कारण आपला गोल झाला की आमच्याकडे टाळ्या नाही, हॉर्न वाजवतात. ट्रेंटचा पत्ता नव्हता, बाळ अजून यायचं होतं. टीम सांभाळायला त्याचा मदतनीस नेव्ह होता. नेव्ह म्हणजे साधा माणूस, सांगितलं तेवढं करणारा.

मैदानात खेळाडूंचा घोळका झाला की आमच्याकडे कुणीही जाऊन ऐकावं अशी पद्धत आहे. आम्ही गेलोच. नेव्हने बगलेतून फळा काढला.

"ट्रेंटचा फोन आला होता," नेव्ह मोठ्याने म्हणाला. "तो म्हणाला, टीम फळ्यावर आहे, आहे तशीच खेळव, एक टिकली हलवू नकोस. मी गुरुवारीच फळा घरी नेऊन पलंगाखाली ठेवला, कुणी हात लावायला नको म्हणून."

डल्सीने माझा दंड धरला. तिची नखं अजून माझ्या दंडावर आहेत.

"मध्यभागी, कॅम."

"मी?" कॅम म्हणाला.

"फळ्यावर आहे. कडेला, अँगस." अँगसचा चेहरा दिवाळं निघाल्यासारखा झाला. "गोलसमोर डावीकडे, स्पड." सगळे हसले. स्पड हसला नाही, त्याने छाती पुढे काढली. "आणि फुल फॉरवर्ड," नेव्हने फळा डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, "फुल फॉरवर्ड, ब्रॉडी."

ब्रॉडीने मान वर केली. फळ्याकडे बघितलं, मग का कोण जाणे, माझ्याकडे बघितलं. आणि असा हसला, असा हसला, मी त्याला शाळेत पहिला दिवस संपवून बाहेर येतानाच तसं बघितलं होतं.

"सांगून टाकूया," ट्रककडे परत जाताना क्लॅरी कुजबुजला. "आत्ताच सांगूया नेव्हला."

"काय सांगणार?" मी म्हणाले. "ब्रॉडी खरा कुठे होता, हे सगळ्या गावासमोर ओरडून सांगणार? तोंड उघडलंस ना, तर तो उरलेला दातही जाईल."

सामना सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं मी बोटांच्या फटीतून बघत होते. मग बोटं काढली. कॅम उडत होता! मेला अँगसपेक्षा उंच उडत होता. डल्सीची पंचाईत झाली, तिला टाळ्याही वाजवता येईनात आणि शिव्याही देता येईनात. "नालायक," ती पुटपुटायची, "उड, उड, नालायका, शाब्बास!" अँगस कडेने धावत सुटला की थांबायचंच विसरायचा, एकदा तर कुंपण ओलांडून भज्यांच्या गाडीपर्यंत गेला. स्पड बेल्गरीच्या धिप्पाड गड्यांच्या ढांगेखालून चेंडू घेऊन बाहेर यायचा. त्याने दोन गोल मारले, आणि क्लॅरी ट्रकचा हॉर्न वाजवून वाजवून रडायला लागला. मागे जाय भिंतीसारखा उभा होता. हे मला कबूल करावं लागलं, पण मोठ्याने नाही.

आणि ब्रॉडी? ब्रॉडीचं काही जमेना. गोलाचे उंच खांब चार असतात, मधल्या दोघांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूने गेला तर एक. ब्रॉडीचे सगळे बाजूने. पहिला गेला, लोक प्रेमाने हसले. दुसरा गेला, जरा कमी प्रेमाने. तिसरा तर एवढ्या जवळून की बेल्गरीच्या गाड्यांनीच हॉर्न वाजवले, चिडवायला. मी माझ्या हाताने पोराला नेऊन तिथे लावलं होतं, सगळ्यांसमोर हसं व्हायला. क्वीन्सलंडची बस मला समोर दिसायला लागली.

चारपैकी तिसरा क्वार्टर संपला तेव्हा गुण बरोबरीत होते. आम्ही परत मैदानात घोळक्याजवळ गेलो, आणि तेवढ्यात फाटकातून ट्रेंट आला. गुरुवारचाच शर्ट, दाढीचे खुंट, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर उजेड.

"मुलगी झाली," तो म्हणाला. "दोघी छान आहेत."

काय आरडाओरडा झाला! बेल्गरीवालेसुद्धा ओरडले. मग ट्रेंट घोळक्यात शिरला, फळा बघितला, आणि बघतच राहिला.

"नेव्ह, हे काय आहे?"

"तुझी टीम," नेव्ह अभिमानाने म्हणाला. "एक टिकली हलवली नाही."

ट्रेंटने फळ्यावरून नजर उचलली आणि सावकाश सगळीकडे फिरवली. क्लॅरी आपले बूट बघायला लागला. डल्सीला उचकी लागली. मी म्हटलं, आता आपणच पुढे व्हावं, काय व्हायचं ते होवो, आणि तोंड उघडलं.

"कोच," ब्रॉडी माझ्या आधी बोलला. "शेवटचा क्वार्टर राहू दे ना असंच."

ट्रेंटने त्याच्याकडे बघितलं. दोघांचं नजरेनेच काहीतरी बोलणं झालं, ते मला कळलं नाही.

"राहू दे," ट्रेंट म्हणाला. "नेव्ह, तूच चालव. माझं डोकं चालत नाहीये."

मग तो सरळ आमच्यामागे ट्रकपाशी आला आणि फळीवर आमच्यामधे धपकन बसला.

"तुम्ही तिघं," तो म्हणाला.

"चहा घे," मी म्हणाले.

"माझी टीम! महिनाभर विचार करून लावलेली!"

"जिंकतोय ना पण जवळजवळ," क्लॅरी म्हणाला.

"कॅम मध्यभागी कुणाची कल्पना?"

डल्सीने हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"चांगली आहे," ट्रेंट चडफडत म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

मला राहवेना. "आणि ब्रॉडीला कोपऱ्यात टाकलंस, ते? त्याला कळलं असतं तर? अरे, तो खेळणंच सोडून देईल, गाव सोडून जाईल. निदान आधी त्याला स्वतः सांगायचं तरी!"

ट्रेंटने चहाचा कप खाली ठेवला. "सांगितलं होतं की. गुरुवारी, सरावाच्या आधी, पाण्याच्या टाकीपाशी. म्हणालो, फुल बॅकला जाय खेळेल, तू दुसऱ्या टीमचा कप्तान हो, तिथल्या पोरांना बचाव शिकव. तो म्हणाला, विचार करतो. अजून उत्तर दिलेलं नाही त्याने."

म्हणजे त्याला माहीत होतं! नेव्हने नाव वाचलं तेव्हा माहीत होतं, हसला तेव्हा माहीत होतं, तिन्ही वेळा चुकला तेव्हासुद्धा. आणि हे काम गावात कोण करू शकतं, तेही त्याला माहीत होतं, म्हणून तर माझ्याकडे बघितलं मेल्याने! मला एकदम हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. नाकातून चहा आला.

"अजून उत्तर नाही म्हणजे जाईल तो," मी म्हणाले. "ही त्याची शेवटची मॅच आहे. निरोपाची म्हणून खेळतोय."

"हे बघा, मावशी," ट्रेंट म्हणाला. मला शांत करायला दुसरं काही सुचलं नसावं, त्याने खिशातून फोन काढला. "बघा तर खरी."

फोनवर एवढंसं लाल तोंड, मूठ गालाशी, डोक्यावर काळंभोर जावळ.

"अगं बाई, केस बघ किती!" डल्सी वितळली. "सहा महिन्यांत कापायला येतील."

"नाक कुणाचं?" क्लॅरीने चष्मा शोधला.

"नाक हिच्या आईचं आहे, नशीब," मी म्हणाले. "हनुवटी बघ. फुल बॅक होणार ही. कुणाला पुढे जाऊ द्यायची नाही."

"दुसरा दाखव," डल्सी म्हणाली. "जांभई देतानाचा आहे का?"

होता. आम्ही चौघं त्या फोनवर डोकी आपटून वाकलो होतो, आणि एकाएकी सगळं मैदान फुटलं. हॉर्न! एक नाही, दहा नाही, गावातल्या एकूण एक गाडीचा हॉर्न, पोलिसांच्या गाडीचा भोंगासुद्धा. मी मान वर केली. मधल्या खांबांमधे पांढऱ्या कोटातला गोलपंच दोन्ही झेंडे हलवत होता. दोन्ही, म्हणजे गोल! आणि आमच्या लाल-पिवळ्या शर्टांच्या ढिगाऱ्याखाली कुणीतरी होतं, आणि ढिगाऱ्यावर स्पड नाचत होता.

"कोण?" मी किंचाळले. "कुणी मारला?"

"ब्रॉडी!" शेजारच्या गाडीतून कुणीतरी ओरडलं. "अगं, तुझा ब्रॉडी! काय मारला! कडेवरून, डाव्या पायाने! पब फुकट!"

मी बघितला नाही. ऐकताय ना? त्या पोराच्या आयुष्यातला पहिला गोल, जो बघायला मी पावसापाण्यात, गारठ्यात, एवढी वर्षं कुंपणाला चिकटून उभी राहिले, तो झाला तेव्हा मी एका अनोळखी बाळाची जांभई बघत होते. मी ट्रेंटच्या पाठीत गुद्दा घातला. मग क्लॅरीच्या घातला. मग पुढे जाऊन ट्रकच्या खिडकीतून हॉर्नवर कोपर टेकवलं ते तसंच ठेवलं, कारण दुसरं करायला काही उरलं नव्हतं.

जिंकलो की हरलो ते विचारू नका, मला आठवत नाही. शेवटचा भोंगा झाला आणि ब्रॉडी मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे चालत आला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते, तो थांबत नव्हता. गुडघ्यात लंगडत होता, कपाळावर माती, आणि दात सगळे दिसत होते.

कुंपणापाशी आला. "पाहिलंस, मावशी?"

क्लॅरीने माझ्या बरगडीत ढोसलं. डल्सी जोरजोरात मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. मी हो म्हणणारच होते. डावा पाय, कडेवरून, मला सगळं तयार मिळालेलं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्याने खोटं बोलवेना.

"नाही रे," मी म्हणाले. "मी बाळाचा फोटो बघत होते."

त्याने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. कुंपण धरून खाली बसला, गवतावर आडवा झाला आणि पोट धरून हसत राहिला, आणि बाजूला जाय उभा होता तोही हसायला लागला.

"म्हणजे आता आणखी एक मारावा लागणार," ब्रॉडी आडव्यानेच म्हणाला.

"कुठे मारणार?" मी विचारलं. "क्वीन्सलंडला?"

तो उठून बसला आणि माझ्यामागे फळीवर बसलेल्या ट्रेंटकडे बघितलं. "कोच, दुसऱ्या टीमचा कप्तान स्वतःला पाहिजे तिथे खेळू शकतो ना?"

"कप्तान झाला तर," ट्रेंट म्हणाला.

"झालो." मग माझ्याकडे वळून, "दुसऱ्या टीमची मॅच बाराला सुरू होते, मावशी. लवकर ये. आणि फोन ह्यांच्याकडून काढून घे आधी."

मी कुंपणावरून वाकून त्याच्या मातकट डोक्याला दोन्ही हातांनी धरलं. मी हसतेय की रडतेय ते डल्सीला कळेना, मलाही कळत नव्हतं. एवढंच म्हणाले, "सोमवारी जेवायला काय करू?"